इटलीतल्या त्रात्तोरियात जेवायला जाताना: ऑर्डर, शाकाहार आणि बिल

दोनचाकी

नमस्कार. ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघं रोम, फ्लॉरेन्स आणि बोलोन्या असे दहा दिवस जाणार आहोत. दारात उभं राहून हाका मारणारी, मेनूवर पदार्थांचे फोटो छापलेली ठिकाणं टाळायची आहेत. रोज निदान एक जेवण जुन्या पद्धतीच्या त्रात्तोरियात, म्हणजे साध्या घरगुती खाणावळीत, व्हावं अशी इच्छा आहे. जाणकारांकडून काही नेमक्या गोष्टी हव्या आहेत.

मेनूवर अंतिपास्तो, प्रिमो, सेकोंदो, कोंतोर्नो, दोल्चे असे भाग असतात. प्रत्येकाने प्रत्येक भागातलं काहीतरी घ्यावंच लागतं का? सगळं मध्ये ठेवून वाटून खाल्लं तर चालतं का?

चौघांपैकी दोघं शाकाहारी आहेत. दूध आणि अंडं चालतं. मांस, मासे आणि मांसाच्या पाण्यात शिजवलेलं काहीही चालत नाही. 'वेजेतारियानो' एवढं सांगून भागतं का?

बिलात कोपेर्तो म्हणून काहीतरी लावतात असं वाचलं. ते काय असतं, आणि त्यावर टिप वेगळी द्यायची का? बुकिंग, वेळा यांबद्दलही सांगा.

उंबरठा

आधी वेळा, कारण सगळ्यात जास्त फजिती तिथे होते. दुपारी स्वयंपाकघर साधारण साडेबारा ते अडीच चालू असतं, संध्याकाळी साडेसात ते साडेदहा. मधल्या वेळात दार उघडं दिसलं तरी चूल बंद असते. दुपारी तीनला भूक लागली तर बारमध्ये सँडविच मिळेल, किंवा वजनावर विकला जाणारा पिझ्झा आल तालियो. त्रात्तोरियाची आशा धरू नका. आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते. ती दारावर 'क्यूझो' या शब्दापुढे लिहिलेली असते आणि ती रविवारीच असेल असं नाही.

रात्रीचं बुकिंग करा, शुक्रवार-शनिवारी तर नक्कीच. अनेक लहान ठिकाणी आजही फोनच चालतो. वाक्य एवढंच: 'वोर्रेई प्रेनोतारे उन ताव्होलो पेर क्वात्त्रो, आल्ले ओत्तो', म्हणजे आठ वाजता चौघांसाठी टेबल हवंय. काही ठिकाणी रात्रीच्या दोन पंगती असतात, एक साडेसातची आणि एक साडेनऊच्या सुमाराची. पहिल्या पंगतीत बसलात तर साडेनऊला टेबल सोडावं लागेल, हे फोनवरच विचारून घ्या. आत गेल्यावर रिकामं टेबल दिसलं म्हणून परस्पर बसू नका. दाराशी थांबा, किती जण आहात ते सांगा, ते बसवतील.

आता मेनू. अंतिपास्तो म्हणजे सुरुवातीचं थोडंसं, प्रिमो म्हणजे पास्ता, रिसोत्तो (इटालियन पद्धतीचा मऊ भात) किंवा सूप, सेकोंदो म्हणजे मांस किंवा मासा, कोंतोर्नो म्हणजे भाजी, दोल्चे म्हणजे गोड. ही यादी नाही, क्रम आहे. स्वयंपाकघर याच क्रमाने चालतं: टेबलावरच्या सगळ्यांचे प्रिमो एकदम निघतात, ताटल्या उचलल्या की सेकोंदोचं काम सुरू होतं. सगळे भाग घ्यायची सक्ती कोणीही करत नाही. माणशी दोन पदार्थ हे चांगलं माप आहे: प्रिमो आणि कोंतोर्नो, किंवा अंतिपास्तो आणि प्रिमो. दुपारी नुसता एक प्रिमो घेऊन उठलात तरी कोणाला काही वाटत नाही. रात्री भरलेल्या ठिकाणी चौघांत दोन ताटल्या मागवल्या तर मात्र नाराजी दिसेल, आणि ती रास्त आहे. त्या टेबलावर त्यांना त्या रात्री एकदाच, फार तर दोनदा माणसं बसवता येतात.

वाटून खाण्याबद्दल: अंतिपास्तो आणि कोंतोर्नो मध्ये ठेवून खातातच. दोघांत एक प्रिमो हवा असेल तर ऑर्डर देतानाच 'दिवीझो इन दूए' म्हणा, आतूनच दोन ताटल्यांत वाढून येईल. प्रत्येकाचा पास्ता चौघांत फिरवायचा बेत मात्र सोडा. पास्ता अल देंते काढलेला असतो, म्हणजे मध्यभागी किंचित कडक, आणि तो ताटलीतही शिजत राहतो. ताटल्या फिरेपर्यंत चीजचा सॉस घट्ट होतो. काचो ए पेपे या चीज-मिरीच्या पास्त्याचं तर पाच मिनिटांत गोळ्यात रूपांतर होतं, कारण त्यात साय नसते. किसलेलं पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं चीज) आणि पास्ता उकळलेलं पिठाळ पाणी एवढ्यावरच तो सॉस उभा असतो, आणि थंड झाला की चीज आवळतं.

त्याच कारणाने 'सगळं एकदम आणा' असं सांगू नका. एखाद्याला प्रिमो नको असेल तर त्याचा सेकोंदो इतरांच्या प्रिमोबरोबर मागता येतो. 'इन्सिएमे आई प्रीमी' म्हटलं की कळतं. ज्या रिसोत्तोपुढे 'मीनिमो दूए पेर्सोने' लिहिलेलं असतं तो दोघांनी मिळूनच घ्यावा लागतो. तो मागणीनंतर कच्च्या तांदळापासून चढवतात आणि त्याला अठरा-वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ लागणं हे चांगलं लक्षण आहे. पाच मिनिटांत आलेला रिसोत्तो आधी शिजवून ठेवलेला असतो.

पाणी विचारलं जाईल: 'नातुराले' म्हणजे साधं, 'फ्रिझान्ते' म्हणजे बुडबुड्यांचं. बाटली येते, साधारण पाऊण किंवा एक लिटरची, आणि तिचे पैसे लागतात. वाइन घेणार असाल तर घरची वाइन सुरईतून मिळते: 'उन क्वार्तो' म्हणजे पाव लिटर, 'मेद्झो लित्रो' म्हणजे अर्धा. त्रात्तोरियाच्या जेवणाला ती अगदी योग्य असते, महागडी बाटली घेण्याची गरज नाही.

जेवणानंतर कापुचिनो मागवू नका. मनाई नाही, आणून देतील. पण तिथे तो सकाळच्या खाण्याबरोबरचा पदार्थ आहे, भरल्या पोटावर दूध जड होतं असं मानतात. 'काफ्फे' म्हटलं की एस्प्रेसो येतो. दूध हवंच असेल तर 'माक्यातो' घ्या, त्यात थेंबभरच असतं.

पानगळ

शाकाहाराबद्दल लिहिते, कारण 'वेजेतारियानो' एवढ्यावर खरंच भागत नाही. शब्द सगळ्यांना कळतो. अडचण वेगळीच आहे: बऱ्याच जुन्या स्वयंपाकघरांत 'कार्ने' म्हणजे मांसाचा तुकडा. अँकोव्ही हा मासा मसाल्यासारखा वापरतात, हॅम हा वेगळाच वर्ग, आणि हाडांचं पाणी तर मोजतच नाहीत. म्हणून चारही गोष्टींची नावं घ्या. हे वाक्य कागदावर लिहून दाखवलं तरी चालेल:

'दूए दि नोई नोन मान्जानो ने कार्ने ने पेशे, नेम्मेनो प्रोशुत्तो, अच्चूगे ओ ब्रोदो दि कार्ने.'

आमच्यापैकी दोघं मांस-मासे खात नाहीत. हॅम, अँकोव्ही आणि मांसाचं पाणीसुद्धा नाही, असा त्याचा अर्थ. सूप किंवा रिसोत्तोसाठी वेगळा प्रश्न विचारा: 'ब्रोदो वेजेताले ओ दि कार्ने?' मिलानचा केशरी रिसोत्तो पारंपरिक पद्धतीत मांसाच्या पाण्यात शिजतो आणि त्यात हाडातली मज्जाही असते, रंग बघून काहीच कळत नाही. मिनेस्त्रोने या सूपमध्ये भाज्यांबरोबर पान्चेत्ता, म्हणजे डुकराच्या पोटाचं खारवलेलं मांस, असू शकतो.

तुमच्या तीन शहरांपुरतं सांगायचं तर रोममध्ये आमात्रिचाना, कार्बोनारा आणि ग्रिचा या तिन्ही पास्त्यांत ग्वांचाले असतं, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस. 'ते काढून द्या' म्हणून उपयोग नाही, कारण सॉस त्याच्याच सुटलेल्या चरबीत होतो. काचो ए पेपे आणि अराब्याता (तिखट टोमॅटो सॉसचा पास्ता) हे दोन पर्याय उरतात, दोन्ही उत्तम. सुप्ली हे तळलेले भाताचे गोळे शाकाहारी वाटतात, पण पारंपरिक सुप्लीत रागू, म्हणजे मांसाचा सॉस, असतो. तळलेल्या भोपळ्याच्या फुलांत मोझारेल्लाबरोबर अँकोव्ही भरतात, आणि पुन्तारेल्ले या कोशिंबिरीसारख्या भाजीच्या ड्रेसिंगमध्येही तोच मासा वाटलेला असतो. चिकोरिया रिपास्साता मात्र निर्धास्त घ्या: कडसर पालेभाजी, लसूण, तेल, मिरची. कार्चोफी आल्ला रोमाना, म्हणजे लसूण-पुदिन्यात शिजवलेलं आर्टिचोकही चालेल, फक्त रोमच्या आसपासच्या आर्टिचोकचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल असतो. ऑक्टोबरमध्ये पोर्चिनी अळंबी आणि लाल भोपळा शोधा.

फ्लॉरेन्स शाकाहाऱ्यांना सगळ्यात सोपं. रिबोल्लिता म्हणजे काळा कोबी, पांढरे राजमे आणि शिळा पाव यांचं दाट सूप; पाप्पा आल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला पाव. फाज्योली आल्लुच्चेल्लेत्तो या नावात पक्षी आहे, पदार्थात नाही: राजमे, टोमॅटो आणि सेज हा सुगंधी पाला एवढंच. उलट 'क्रोस्तिनी तोस्कानी' हे निरुपद्रवी वाटणारं नाव म्हणजे पावाच्या तुकड्यावर कोंबडीच्या काळजाची पेस्ट. तिथला पाव अळणी लागला तर विसरलेत असं समजू नका, फ्लॉरेन्स ज्या तोस्काना प्रांतात आहे तिथे पावात मीठ घालतच नाहीत. खारट पदार्थांबरोबर खायचा म्हणून.

सावध राहायचं ते बोलोन्यात. दोन सापळे आहेत. पहिला, 'लझान्ये वेर्दी'. हिरवा रंग पालकाचा, पण थरांमध्ये मांसाचा रागू. दुसरा, एका अक्षराचा फरक: तोर्तेल्लिनी म्हणजे डुकराचं मांस, हॅम आणि मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं सॉसेज) भरलेले लहान कानोले, बहुधा मांसाच्याच पाण्यात, तोर्तेल्लोनी म्हणजे आकाराने मोठे आणि सहसा रिकोत्ता-पालक भरलेले. तुम्हाला हवेत ते 'तोर्तेल्लोनी बुर्रो ए साल्व्या', लोणी आणि सेजमध्ये परतलेले. क्रेशेन्तीने ही तळलेली किंवा भाजलेली भाकरीसारखी पोळी दिसली तर 'स्त्रुत्तो' आहे का विचारा. स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी. पीठ मळताना आणि तळताना दोन्हीकडे ती वापरतात. पियादिना या पातळ पोळीच्या पिठातही असू शकते.

आता चीज, आणि हे प्रवासाआधी घरातच ठरवून घ्या. पार्मिज्यानो रेज्यानोमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा घटक, असतं आणि दुसरा पर्याय नियमातच नाही. पेकोरिनो रोमानोत कोकराचं. म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर काचो ए पेपेही शाकाहारी नाही. बरेच जण चीजचा हा भाग सोडून देतात, काही जण नाही. निर्णय ज्याचा त्याचा. चालत नसेल तर 'सेन्त्सा फोर्माज्यो' म्हणजे चीजशिवाय मागा. मग आल्यो ओल्यो ए पेपेरोन्चीनो (लसूण, तेल आणि मिरचीचा पास्ता), टोमॅटोचे पास्ते, राजम्याची भाजी आणि पिझ्झा मरीनारा हे आधार. मरीनारा नावामुळे त्यात मासे असतील असं वाटतं, पण ती म्हणजे टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. चीजही नाही.

गोडात पान्ना कोत्ता जिलेटिनवर जमते, म्हणून ती नको. तिरामिसूत कच्चं अंडं असतं, दोघांना अंडं चालतं म्हणून अडचण नाही.

दोनचाकी

दोघांचेही मनापासून आभार. लझान्ये वेर्दीत तर नक्की फसलो असतो. दोन उपप्रश्न: लसूण-कांदा किंवा दाण्यांची ॲलर्जी असेल तर मेनूवर कळतं का? आणि वर कोपेर्तोचं राहिलं.

सांजवेळ

ॲलर्जीचं आधी. युरोपीय संघाच्या ११६९/२०११ या नियमानुसार १४ घटकांची माहिती द्यावीच लागते: ग्लुटेन, दूध, अंडं, मासे, कवचधारी जलचर, शिंपले-कालवं, शेंगदाणे, इतर कठीण कवचाचे दाणे, सोया, तीळ, मोहरी, सेलरी, ल्युपिन (एक कडधान्य) आणि सल्फाइट. मेनूच्या शेवटी तक्ता असतो आणि पदार्थापुढे आकडे, नाहीतर मागितल्यावर वेगळी यादी देतात. लसूण आणि कांदा या चौदांत नाहीत, ते तोंडीच विचारावं लागेल: 'सेन्त्सा आल्यो, सेन्त्सा चिपोल्ला'. मात्र तासन् तास शिजलेल्या सॉसमधून कांदा काढता येत नाही, तेव्हा 'नाही जमणार' असं उत्तर आलं तर ते प्रामाणिक समजा आणि दुसरा पदार्थ निवडा. आणखी एक खूण: पदार्थापुढे तारा असेल तर त्यात गोठवलेला माल वापरलेला असू शकतो, खाली तशी टीप असते.

कोपेर्तो म्हणजे पानाचे पैसे: टेबलक्लॉथ, काटे-चमचे, पाव. माणशी साधारण दीड ते तीन युरो, पाव खाल्ला नाही तरी. ही फसवणूक नाही आणि टिपही नाही. पण रक्कम मेनूवर छापलेली असली पाहिजे. बसण्याआधी दारावरचा मेनू वाचायचा तो यासाठीसुद्धा. रोम ज्या लात्सियो प्रांतात आहे तिथे २००६ च्या प्रांतिक कायद्याने कोपेर्तो लावायला मनाई आहे, म्हणून तिथल्या बिलात 'पाने' म्हणजे पाव अशी ओळ दिसते. पाव नको असेल तर टोपली येताच 'नो, ग्रात्सिए' म्हणून परत पाठवा, मग ती ओळ लागू नये.

'सेर्वित्सियो' म्हणजे सेवाशुल्क, ही निराळी गोष्ट. ते शेकड्यात असतं, १० ते १५ टक्के, आणि मुख्यतः पर्यटकांच्या चौकांत आढळतं. तेही मेनूवर लिहिलेलं असलंच पाहिजे. ते लावलेलं असेल तर टिपचा विचारही नको. नसेल तरी टिप बंधनकारक नाही. जेवण आवडलं तर दोन-चार युरो रोख ठेवतात, बस्स.

अंदाजासाठी एक हिशेब मांडतो: चार प्रिमो प्रत्येकी १२ प्रमाणे ४८, दोन सेकोंदो १६ प्रमाणे ३२, दोन कोंतोर्नो १२, पाण्याच्या दोन बाटल्या ६, चार कोपेर्तो ८, चार कॉफी ६. एकूण ११२ युरो. कर पदार्थाच्या किमतीतच असतो, शेवटी वेगळा वाढत नाही.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. न मागता आणून ठेवणं म्हणजे पाहुण्याला उठ म्हणणं, असं तिथे मानतात, तेव्हा वाट बघत बसू नका: 'इल कोंतो, पेर फावोरे'. कार्ड घेणं कायद्याने सक्तीचं आहे, जून २०२२ च्या अखेरीपासून नकार देणाऱ्याला दंडही आहे. तरी यंत्र बंद असण्याची वेळ येते म्हणून पन्नास-साठ युरो रोख जवळ असू द्या. चौघांची चार वेगळी बिलं मागू नका. समान वाटणीला 'आल्ला रोमाना' म्हणतात. एकाने भरून आपापसात हिशेब करणं सगळ्यात सोपं.

मोरपंख

सांजवेळ यांच्या हिशेबात एक गोष्ट जोडायलाच हवी, कारण मोठ्या बिलाचे वाद बहुतेक तिथूनच होतात: वजनावर विकले जाणारे पदार्थ. फ्लॉरेन्समध्ये मांसाहारी दोघं बिस्तेक्का आल्ला फ्योरेन्तीना, म्हणजे गोमांसाची जाड स्टेक, घेणारच असतील. तिची किंमत किलोवर असते. हाडासकट एक तुकडा एक ते दीड किलोचा असतो, तो दोघांत किंवा तिघांतच घ्यायचा. किलोला ५० युरो लिहिलं असेल आणि तुकडा १.२ किलोचा निघाला तर ६० युरो झाले. वजन कच्च्या मांसाचं, हाड धरून. आतून ती लालच वाढतात. 'पूर्ण शिजवून द्या' म्हटलं तर काही ठिकाणी सरळ नकार मिळतो, कारण चार बोटं जाड तुकडा आतपर्यंत शिजेस्तोवर बाहेरून कोरडा ठक्क होतो. लाल मांस नको असेल तर ती घेऊच नका, वेगळं काही घ्या.

माशांचं गणित आणखी फसवं. तिथे किंमत 'एत्तो'वर लिहितात, म्हणजे १०० ग्रॅमवर. मेनूवर ७ युरो दिसतात, मासा ८०० ग्रॅमचा निघतो, बिलात ५६ येतात. किमतीपुढे 'आल्लेत्तो', 'हेग्रॅ'चं चिन्ह किंवा 'एस. क्यू.' अशी अक्षरं दिसली की थांबा. शेवटच्या अक्षरांचा अर्थ प्रमाणानुसार किंमत. मासा शिजवण्याआधी ताटात आणून दाखवायला सांगा आणि विचारा, 'क्वांतो पेसा?' वजन ऐकून मगच हो म्हणा. हा प्रश्न विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही, गिऱ्हाईक विचारणार हे त्यांनी धरलेलंच असतं.

वेटर तोंडी 'आजचा खास पदार्थ' सांगतो तेव्हाही किंमत विचारा. छापील मेनूवर नसलेली हीच एक गोष्ट असते. मात्र किंमत पटली तर तोच घ्या, बहुतेक वेळा सकाळच्या बाजारातून आलेला माल त्यातच असतो.

पानगळ

एक राहिलं. माशांच्या पास्त्यावर किसलेलं चीज मागवू नका, त्यांच्या मते चीजने माशाची चव मरते. आणि पास्ता संपल्यावर ताटलीत उरलेला सॉस पावाने पुसून खायला हरकत नाही. त्याला 'स्कार्पेत्ता' म्हणतात आणि त्रात्तोरियात ती स्वयंपाक्याला दिलेली दाद आहे. म्हणून पावाची टोपली परत पाठवायची की नाही, ते आधी प्रिमो कोणता घेताय त्यावर ठरवा.